दूषित जमिनीच्या सफाईचा खर्च जुन्या विमा पॉलिसीतून कसा मिळवावा : अमेरिकेतील मालमत्ताधारकांसाठी

अमेरिकेत ज्या जागेवर एकेकाळी ड्राय क्लिनिंगचे दुकान, पेट्रोल पंप किंवा धातूवर मुलामा चढवण्याचा कारखाना होता, त्या जागेच्या मालकाला पर्यावरण खात्याचे पत्र आले की तो बहुधा लगेच सल्लागार नेमतो आणि जमिनीत बोअर घ्यायला लागतो. माझ्या मते पहिले काम ते नव्हे. १९८६ पूर्वीच्या दायित्व विम्याच्या (आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या) पॉलिसी हाती लागल्या, तर वकिलाच्या, तपासणीच्या आणि सफाईच्या खर्चाचा मोठा भाग त्यांतून निघू शकतो. पण विमा कंपनीला न कळवता आधीच केलेला खर्च अनेकदा स्वतःलाच सोसावा लागतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी जुनी कपाटे उघडावीत.

मुदत संपून पन्नास वर्षे झालेल्या पॉलिसीचा आता काय उपयोग, ही शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर या विम्याच्या रचनेतच आहे. १९६६ साली विमा कंपन्यांनी स्वीकारलेल्या नमुन्यात संरक्षण ‘घटने’शी जोडलेले होते, आणि हानिकारक परिस्थितीशी दीर्घकाळ सतत होत राहिलेला संपर्कही त्या व्याख्येत बसत होता. दावा कोणत्या वर्षी आला हे येथे गौण असते. नुकसान कोणत्या वर्षी झाले हे पाहिले जाते. पर्क नावाने ओळखले जाणारे कपडे धुण्याचे द्रावक १९६८ साली फरशीच्या भेगांतून झिरपून भूजलात मिसळले असेल, तर १९६८ ची पॉलिसी आजही बोलू शकते, आणि प्रदूषण पुढेही पसरत राहिले असेल तर त्यानंतरच्या वर्षांच्या पॉलिसीही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली माँट्रोझ केमिकलच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. अर्थात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि कोणत्या वर्षाच्या पॉलिसीवर किती भार पडेल हे त्यावर ठरते.

ही गरज निर्माण होते ती दूषित जागांच्या सफाईविषयीच्या १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यामुळे. दोष कोणाचा होता याचा विचार न करता, आणि कायदा होण्यापूर्वीच्या कृत्यांसाठीही, तो जबाबदारी लादतो. स्वतः एक थेंबही न सांडलेला आजचा मालक त्यात सापडू शकतो.

पॉलिसी कोणत्या वर्षाची आहे, यावर तिची ताकद ठरते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रदूषण वगळणारे कलम आले, ज्यात ‘अचानक आणि अपघाताने’ झालेल्या गळतीचा अपवाद होता. या शब्दांच्या अर्थावर राज्याराज्यांतील न्यायालयांचे निकाल वेगवेगळे लागले. १९८६ पासून प्रदूषण जवळजवळ पूर्णपणे वगळले गेले. त्यामुळे पन्नाशीच्या, साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांतील कागद सर्वांत मोलाचे. त्या काळच्या अनेक पॉलिसींत वकिलाचा खर्च विम्याच्या मर्यादेबाहेर धरलेला असे, आणि लहान व्यावसायिकासाठी बचावाचा हा हक्क कधीकधी भरपाईपेक्षाही मोठा ठरतो.

आता शोधाविषयी, कारण बहुतेक दावे येथेच अडतात. मूळ पॉलिसी सापडलीच पाहिजे असे नाही. ती अस्तित्वात होती आणि तिच्या अटी काय होत्या, हे इतर पुराव्यांनीही सिद्ध करता येते. हिशेबनिसाच्या खतावण्या, प्रीमियमच्या चेकच्या स्थळप्रती, विमा एजंटाचा पत्रव्यवहार आणि जुन्या खटल्यांच्या फायली तपासाव्यात. जागा भाड्याने दिली असेल तर भाडेकरूने दिलेले विमा प्रमाणपत्र मालकाकडे असू शकते, आणि कर्ज घेतले असेल तर बँकेच्या फायलीत. सापडलेल्या कोणत्याही एका कागदाकडे नीट पाहावे : नूतनीकरणाच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर अनेकदा आधीच्या पॉलिसीचा क्रमांक असतो, आणि अम्ब्रेला पॉलिसीच्या (मूळ पॉलिसींच्या मर्यादेवर जादा संरक्षण देणाऱ्या पॉलिसीच्या) परिशिष्टात तिच्याखालच्या सर्व पॉलिसींची, कंपन्यांसह आणि मर्यादांसह, यादी असते. एका पानावरून दहा वर्षांची साखळी जुळू शकते. हेच काम करणारे व्यावसायिक आहेत. त्यांना विमा पुरातत्त्वज्ञ म्हणतात, आणि मोठी रक्कम पणाला असेल तर त्यांची फी देणे शहाणपणाचे. केवळ स्वतःच्या नव्हे, तर पूर्वीच्या मालकांच्या आणि भाडेकरूंच्या पॉलिसीही शोधाव्यात, कारण प्रदूषण करणारे तेच असतील तर जबाबदारीत त्यांचाही वाटा असतो.

विमा कंपनीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर वारसदार कंपनी कोण हे राज्याच्या विमा विभागाकडून कळते. कंपनी बुडाली असेल तर बुडालेल्या विमा कंपन्यांचे दावे भागवणाऱ्या राज्याच्या हमी निधीकडे जावे लागते, पण तेथे मर्यादा आणि मुदती कडक असतात.

सापडलेल्या प्रत्येक कंपनीला, शोध पूर्ण होण्याची वाट न पाहता, लेखी सूचना द्यावी. सोबत खात्याचे पत्र जोडावे आणि बचाव तसेच भरपाई या दोन्हींची स्पष्ट मागणी करावी. पॉलिसीतले बचावाचे वचन ‘खटल्या’साठी असते, म्हणून खात्याचे पत्र म्हणजे ‘खटला’ मानायचा की नाही, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो : कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९९८ साली फॉस्टर-गार्डनर प्रकरणात तो मानला नाही, तर ओरेगॉनच्या कायद्याने असे पत्र खटल्यासमान ठरवले आहे. तुमच्या राज्यात उत्तर काय आहे हे पॉलिसीधारकांची बाजू मांडणाऱ्या वकिलाकडूनच समजून घ्यावे.

कंपनीचे पहिले उत्तर बहुधा हक्क राखून ठेवल्याचे, म्हणजे पुढे भरपाई नाकारण्याची मोकळीक ठेवल्याचे असेल. त्याला नकार समजू नये. ‘स्वतःच्या मालमत्तेचे नुकसान वगळले आहे’ हा आक्षेपही येईल. भूजल ही बहुधा मालकाची खासगी मालमत्ता मानली जात नसल्याने ते दूषित झाले असेल किंवा शेजाऱ्याच्या जमिनीकडे जात असेल, तर अनेक न्यायालयांत हा आक्षेप टिकत नाही. म्हणून तपासणीच्या अहवालात भूजलाची नोंद काळजीपूर्वक व्हायला हवी.

शेवटी कंपनी एकरकमी पैसे देऊन सर्व पॉलिसी कायमच्या परत घेण्याचा प्रस्ताव ठेवू शकते. त्यावर सही करण्यापूर्वी उरलेल्या सफाईचा, पुढच्या वर्षांच्या निरीक्षण विहिरींचा आणि शेजाऱ्यांच्या संभाव्य दाव्यांचा अंदाज तज्ज्ञाकडून लेखी घ्यावा, आणि कंपनीची जबाबदारीतून होणारी सुटका याच एका जागेपुरती आहे की तुमच्या सर्व जागांसाठी, हे करारातील शब्दांत तपासून घ्यावे.