गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला लावण्याआधी हे तपासा

टायरच्या दुकानात गाडी उभी करून 'ओढते आहे' एवढंच म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अलाइनमेंट करून टाकू." कधी ते बरोबरही असतं. पण खरं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन ठरल्याप्रमाणे बसवणं, हे शेवटी करायचं काम. आधीचं काही राहून गेलं असेल तर मशीनवरचे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, दिसूनही गाडी ओढतच राहते, आणि टायर घासतच राहतात.

आधी तक्रार नीट ओळखा. गाडी एका बाजूला जाते, हा एक प्रकार. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं, हा दुसरा, आणि यात बहुतेक वेळा अलाइनमेंटच बिघडलेलं निघतं. ताशी ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का, ते बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क.

मग हवा. ती सकाळी, गाडी फारशी चालायच्या आत मोजायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी काटा सकाळपेक्षा बराच वर दिसणार, आणि गाडीची एकच बाजू उन्हात असेल तर डाव्या-उजव्या टायरचे आकडेही वेगळे येणार. जास्त वाटली म्हणून तेव्हा हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर.

हवा बरोबर केल्यावर चालवून बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, अन् आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीही किंचित डावीकडे जाते. वर्धा रोडच्या गर्दीत ही परीक्षा नको. एखादं मोठं, रिकामं पार्किंग बघा. हळू वेगात, हात स्टेअरिंगवर सैल ठेवून एका दिशेने जा आणि त्याच पट्ट्यावरून परत या. दोन्ही वेळा एकाच हाताला ओढली तर दोष गाडीत. बाजू बदलली तर जमिनीलाच उतार आहे.

आता टायर वाचा. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि तीही फुकट. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची एरवी न दिसणारी आतली कड दिसते. मग इंजिन बंद, हँडब्रेक वर. कुठे तार बाहेर आलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या आणि तळहात टायरच्या रुंदीवरून आतून बाहेर, मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर बहुधा टो बिघडलाय: चाकं हवी तशी समांतर नाहीत आणि टायर फिरताना थोडा आडवाही घासतोय. एकच कड खाल्ली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) किंवा टो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. जागोजागी खोलगट भाग दिसले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. खोबणीतल्या छोट्या आडव्या उंचवट्यांशी रबर सपाट झालं असेल तर खोली १.६ मिमीवर आली. तो टायर बदलायचाच. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने तासन् तास जाणाऱ्यांनी तर आतली कड बघितल्याशिवाय निघू नये.

टायरवरून काही कळलं नाही तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलते का? मग दोष टायरचाच. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेल्या टायरला मात्र हा प्रयोग करू नका. चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापतं, जळका वास येतो, तर ब्रेक चिकटतोय. डिस्कला हात न लावता गॅरेज गाठा.

गॅरेजमध्ये गाडी उचलली की मेकॅनिकला चाक आधी दोन्ही बाजूंनी आणि मग वर-खाली धरून हलवायला सांगा. आडवं हललं तर टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) संशय. वर-खाली हललं तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंगवर. खड्ड्यात कट-कट वाजत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे रबरी जोडही बघायला लावा. सैल भाग बदलल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

अलाइनमेंट करताना जवळ उभे राहा. आधी चारही चाकांची हवा, मग मशीनवर तुमच्याच गाडीचं मॉडेल, मग स्टेअरिंग मध्यावर लॉक, हा क्रम. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो बदलता येतो. "कॅम्बरही करून दिला" म्हणून वेगळे पैसे मागितले तर नेमकं काय फिरवलं ते दाखवायला सांगा. काही वाकवून कॅम्बर बसवत असतील तर स्पष्ट नाही म्हणा. "भाऊ, आधीचा अन् नंतरचा, दोन्ही प्रिंट द्या" असं सुरुवातीलाच सांगून ठेवा.

पैसे देण्याआधी एक चक्कर मारा. स्टेअरिंग तिरकं राहिलं असेल, किंवा डॅशबोर्डवर आधी नसलेला स्टेअरिंगचा किंवा ईएससीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) दिवा पेटला असेल, तर तिथूनच गाडी परत वळवा.