सत्र प्रकल्पात साधनाआधी अडचण निवडा

भाषा अध्यापनातील तंत्रज्ञानावर सत्र प्रकल्प आखताना बी.एड.चे बहुतेक विद्यार्थी आधी अॅप निवडतात आणि नंतर त्याला साजेसे उद्दिष्ट शोधतात. माझ्या मते येथेच प्रकल्प फसतो. सुरुवात वर्गातील एका नेमक्या अडचणीपासून करावी. उदाहरणार्थ, मराठीत च, ज, झ यांचे तालव्य (जीभ टाळूला लावून होणारा) आणि दंततालव्य (जीभ वरच्या दातांच्या मुळाशी लावून होणारा) असे दोन उच्चार आहेत, पण लिपीत तो भेद दिसत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, किंवा ‘चार’ आणि ‘चारा’, हे केवळ वाचून इतर भाषक मुलांना उमगत नाही, ते ऐकावेच लागते, आणि म्हणूनच मोबाइलमधील साधा ध्वनिमुद्रक येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

अशा वीस शब्दांची यादी करून पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे वाचन मुद्रित करावे, पुढील चार आठवडे आदर्श उच्चार ऐकणे, स्वतःचा उच्चार मुद्रित करणे व दोन्ही ताडून पाहणे असा सराव रोज दहा मिनिटे घ्यावा आणि सहाव्या आठवड्यात तेच शब्द, शिवाय सरावात न आलेले पाच नवे शब्द, पुन्हा वाचून घ्यावेत. नवे शब्द टाळू नयेत, कारण पाठांतर आणि आकलन यांतला फरक तेथेच कळतो. मुद्रणापूर्वी पालकांची व मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी.