पेटीचं एसएफझेड वाद्य बनवून वाटताय? या चुका टाळा

बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर गोड वाजणारं सॅम्पल वाद्य (खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर बनवलेलं) दुसऱ्याने उतरवून घेतलं की मुकं होतं, नाहीतर सप्तक सोडून बोलतं. बिघाड बहुतेक वेळा वाद्यात नसतो. आपल्या मशीनने पोटात घातलेली चूक दुसऱ्याचं मशीन पोटात घालत नाही, एवढंच.

एसएफझेड ही साधी टेक्स्ट फाइल. कोणती ध्वनिफाइल कोणत्या की-वर, कोणत्या सुरात आणि कुठपर्यंत वाजवायची, हे ती ओळीओळीने सांगते. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, दुरुस्त करता येते, आणि स्फोर्झांडो किंवा सफिझसारख्या फुकट प्लेअरमध्ये चालते. समोरच्याला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून आपापसात वाटायला याहून सोयीचा प्रकार नाही. इथे उदाहरण पेटीचं घेतलं आहे, कारण सॅम्पलिंगच्या बहुतेक अडचणी पेटीत एकदमच भेटतात.

रेकॉर्डिंगमध्येच होणाऱ्या चुका

कपलर (एक पट्टी दाबली की सप्तकापलीकडची पट्टीही दाबणारी सोय) लावून आणि सगळे सूर उघडे ठेवून रेकॉर्ड करणं ही सर्वात महागात पडणारी चूक. ऐकायला भरदार वाटतं, पण मग खर्ज (खालच्या सप्तकाचा संच) आणि नर (मधल्या सप्तकाचा) कायमचे एकमेकांत मिसळतात आणि वेगळे करायची सोय राहत नाही. कपलर बंद ठेवा. पेटीच्या खुंट्यांनी खर्ज आणि नर वेगळे बंद करता येत असतील, तर दोन्ही संच स्वतंत्र घ्या. वाजवणारा आपल्या गरजेप्रमाणे ते मिसळेल. कपलरचा परिणाम एसएफझेडमध्ये तोच सूर एका सप्तकाने सरकवून नंतरही देता येतो.

दुसरी चूक म्हणजे दर तीन-चार सुरांमागे एकच सॅम्पल घेऊन मधले सूर ताणणं. पेटीत प्रत्येक सुराचा आवाज थोडा वेगळा असतो. तीन अर्धस्वर वर ताणला की सूर जवळजवळ १९ टक्के जास्त वेगाने वाजतो आणि त्याबरोबर खोलीची गुंजही सरकते. तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या. प्रत्येकी १२ सेकंद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं धरलं, तर एक फाइल सुमारे ३.५ एमबी आणि सगळा संच साधारण १२८ एमबी होतो. मोनोमध्ये निम्मा. एवढ्याशा जागेसाठी आवाजाशी तडजोड करू नका.

भाता एकसारखा मारायला दुसरा माणूस बसवा. एका हाताने पट्टी आणि दुसऱ्याने भाता सांभाळताना दाब हलतो. दाब वाढला की आवाज वाढतो, आणि सूरही किंचित उतरतो. हा फरक ऐकताना जाणवत नाही, पण लूप (धरलेला सूर चालू राहावा म्हणून सॅम्पलचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजवणं) लावायला बसलात की डोळ्यांपुढे येतो. माइक पेटीपासून ४० ते ६० सेंटिमीटरवर, भात्याच्या तोंडासमोरून बाजूला ठेवा.

पंखा बंद म्हणजे बंद. एका सुरात ऐकू न येणारी घरघर आठ सूर एकत्र दाबल्यावर सुमारे ९ डेसिबलने वाढते. नंतर नॉइज काढू म्हणून सोडून दिलेलं रेकॉर्डिंग पाण्याखालून आल्यासारखं होतं आणि पेटीचा श्वास त्यातून निघून जातो.

रेकॉर्डिंगचा गेन एकदा ठरवला की शेवटच्या पट्टीपर्यंत हलवू नका. सर्वात मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. आणि शेवटी प्रत्येक फाइल वेगवेगळी नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे तिचा सर्वात मोठा आवाज ठरावीक पातळीवर आणू नका. सगळे सूर एकाच उंचीवर येतात आणि मुळातला खालच्या-वरच्या सुरांचा तोल जातो. आवाज वाढवायचाच असेल तर सगळ्या फाइलींना सारखाच वाढवा.

सुरुवात कापताना

सुराआधी ३० मिलिसेकंद शांतता राहिली तरी वाजवणाऱ्याला पट्टी उशिरा बोलते असं वाटतं आणि तो ऑडिओ कार्डला दोष देत बसतो. पण उलटी चूकही तेवढीच वाईट आहे. खर्जाच्या सुरांना बोलायला वेळ लागतो. तो उगम कापून टाकला की पेटीऐवजी ऑर्गनच्या खेळण्यासारखा आवाज येतो. हवेचा पहिला स्पर्श ऐकू येतो तिथेच कापा आणि एक-दोन मिलिसेकंदांचा फेड-इन द्या.

लूप: बहुतेकांचं गाडं इथेच अडतं

पट्टी धरून ठेवली आणि दर दोन सेकंदांनी ‘टक्’ ऐकू आलं, तर लूपची दोन टोकं जुळलेली नाहीत. टोकं शून्य रेषेवर आणा आणि लाट दोन्हीकडे एकाच दिशेने चढत असेल असं बघा. ‘टक्’ जातं, पण कित्येकदा आवाज मग मध्येच गचका खातो. हे दुखणं वेगळं आहे. दोन संच एकत्र वाजत असतील तर ते एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात, आणि त्यातून पेटीचा तो ओळखीचा हेलकावा येतो. लूपने हा हेलकावा अर्ध्यात तोडला की गचका बसतो. म्हणून लूपची लांबी हेलकाव्यांच्या पूर्ण संख्येइतकी हवी. समजा सेकंदाला दीड हेलकावा आहे. मग एक हेलकावा ०.६६७ सेकंदांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नमुने) ३२,००० नमुन्यांचा. तीन पूर्ण हेलकावे घेतले की ९६,०००. लूप तिसऱ्या सेकंदाला सुरू केलात, तर सुरुवात १,४४,००० आणि शेवट २,३९,९९९. शेवटचा आकडा एकने कमी का? एसएफझेडमध्ये लूपच्या शेवटाचा नमुनाही वाजतो म्हणून. संच वेगळे घेतले असतील तर हा सगळा त्रास निम्म्याहून कमी होतो. तेही सुरुवातीला सांगितलेल्या सल्ल्यामागचं एक कारण आहे.

एडिटरमध्ये क्रॉसफेड (एक टोक विरत असताना दुसरं चढवणं) देताना ‘इक्वल पॉवर’ डोळे मिटून निवडू नका. पेटीच्या स्थिर सुरात लूपची दोन टोकं जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे या पर्यायाने जोडापाशी ३ डेसिबलपर्यंत फुगवटा येतो. तिथे साधा रेषीय क्रॉसफेड लावा.

लूपचे आकडे फक्त ध्वनिफाइलच्या पोटात ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. काही एडिटर सेव्ह करताना ते टाकून देतात. वेव्ह फाइलचं फ्लॅक फाइलमध्ये रूपांतर करताना तशी सूचना दिली नाही तर ते उडतात. आणि ध्वनिफाइलमध्ये लूप नसेल व एसएफझेडमध्येही सांगितलेला नसेल, तर सूर सॅम्पल संपताच थांबतो. लूप-मोड, सुरुवात आणि शेवट हे तिन्ही एसएफझेडमध्येच लिहा. ४८ किलोहर्ट्झच्या फाइली नंतर ४४.१ वर आणल्या, तर लूपचे आकडेही ०.९१८७५ ने गुणायचे. वरचे ९६,००० मग ८८,२०० होतात. एमपी३ मात्र अजिबात वापरू नका. त्यात सुरुवातीला आणि शेवटी शांततेची ठिगळं लागतात आणि लूप हमखास तुटतो.

मॅपिंग: सप्तक हरवतं ते इथे

मिडीचा (कीबोर्ड आणि कॉम्प्युटरमधल्या सूर-सूचनांच्या भाषेचा) ६० क्रमांक, म्हणजे मधली पांढरी एक, एसएफझेडमध्ये सी४ असते आणि कॉन्टॅक्ट या सॅम्पलर प्रोग्राममध्ये सी३. नावं बघून मॅपिंग केलं, म्हणजे कोणतं सॅम्पल कोणत्या पट्टीला ते ठरवलं, की वाद्य एक सप्तक वर नाहीतर खाली जातं. म्हणून नावांऐवजी आकडे लिहा. पांढरी एक ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, काळी दोन ६३, पांढरी तीन ६४, पांढरी चार ६५ आणि पुढे तसंच. पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी नाही, हे घाईत मोजताना विसरतं आणि तिथून पुढचे सगळे सूर एकाने सरकतात.

खर्जाचा संच त्याच पट्टीवर एक सप्तक खाली बोलतो. ट्यूनरवर १३०.८ हर्ट्झ दिसले म्हणून त्याला ४८ क्रमांक देऊ नका. मूळ सूर सांगणारा पिच-की-सेंटर पट्टीप्रमाणे ६० च ठेवा. हा ऑपकोड (एसएफझेडमधली सूचना) लिहायचाच राहिला तर प्लेअर सगळ्या सॅम्पलना ६० धरून ताणतो आणि वरची पट्टी चिरकते. एका सॅम्पलला एकच पट्टी असेल तर नुसता ‘की’ ऑपकोड पुरतो. खालची हद्द, वरची हद्द आणि मूळ सूर असे तिन्ही त्यातच येतात.

एखादी पट्टी शेजारणीपेक्षा जोरात आणि पोकळ ऐकू येत असेल, तर एकाच संचाचे दोन रीजन (एसएफझेडमधल्या सॅम्पलच्या नोंदी) तिच्यावर चढले आहेत असं समजा. मुकी असेल तर हद्दीत फट आहे. वाटण्यापूर्वी ३७ पट्ट्या एकेक करून, प्रत्येकी दहा सेकंद धरून ऐका. सहा मिनिटांचं काम आहे.

पेटीत पट्टी जोरात आपटली म्हणून आवाज वाढत नाही. आवाज भाता ठरवतो. तरीही एसएफझेडचं मुळातलं वागणं व्हेलॉसिटीप्रमाणे (पट्टी किती जोरात दाबली त्याप्रमाणे) आवाज बदलण्याचं आहे. ते शून्य करा आणि आवाज सीसी ११ ला, म्हणजे मिडीच्या ११ क्रमांकाच्या कंट्रोलरला (एक्स्प्रेशन), बांधा. एक्स्प्रेशन पेडल हाच मग भाता. मॉड व्हीलला बांधलात तर ते सुरुवातीला ० वर असतं आणि उघडणाऱ्याला वाद्य बिघडलं असं वाटतं. कोणताही कंट्रोलर घेतलात तरी त्याचं सुरुवातीचं मूल्य फाइलमध्ये द्या, १०० चालेल.

मंद भाता आणि जोरकस भाता असे दोन थर एकमेकांत विरघळवायचा मोह होतो. वर म्हटल्याप्रमाणे दाबाबरोबर सूर उतरतो, त्यामुळे मधल्या टप्प्यात दोन थर एकमेकांशी भांडतात. दोन्ही थर सेंटमध्ये (अर्धस्वराचा शंभरावा भाग) मोजून मिळवायची तयारी नसेल तर पहिल्या आवृत्तीत एकच थर ठेवा.

सूर मिळवतानाही थांबून विचार करा. प्रत्येक फाइल यंत्राने ४४० हर्ट्झच्या मापात बसवली, तर गायनाच्या साथीसाठी एखाद्या पट्टीत मुद्दाम लावून घेतलेल्या पेटीचं वैशिष्ट्यच पुसलं जातं. पूर्ण पेटी ४४२ ला असेल तर सगळ्यांना मिळून सुमारे ८ सेंट खाली आणा आणि आतला संबंध तसाच राहू द्या. पेटी कशी लावलेली आहे ते सोबतच्या माहितीपत्रात लिहा.

पॅक करताना

फाइलनावं साध्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत आणि मोकळी जागा न सोडता लिहा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. तिथे ‘फाइल सापडत नाही’ येण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण उलटी तिरकी रेघ. \ ऐवजी नेहमी / वापरा. शार्पची # खूण नावात नको. एसएफझेडच्या काही सूचनाच # ने सुरू होतात, आणि वेबवरच्या दुव्यात # नंतरचा भाग फाइलनावात धरला जात नाही. देवनागरी नावं काही अनझिप प्रोग्राममध्ये चौकोन होऊन उतरतात. आणि डी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता तर कधीच लिहू नका. तो फक्त तुमच्या घरचा पत्ता आहे.

परवान्यात ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलंत तर लग्नाच्या व्हिडिओमागे ही पेटी वाजवायची का, हे कुणालाच ठरवता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी झिरो किंवा श्रेय मागणारा सीसी बाय, यांपैकी एक निवडा आणि त्याचा पूर्ण मजकूर झिपमध्ये ठेवा. विकतच्या लायब्ररीतला एकही सूर त्यात मिसळू नका. असे सूर पुन्हा सॅम्पल म्हणून वाटायला त्यांच्या अटी सहसा परवानगी देत नाहीत, आणि त्या एका सुरामुळे तुमचे ३६ सूरही काढून टाकावे लागतील.

चूक सापडली तर जुनी फाइल त्याच नावाने बदलू नका. कुणाचं तरी अर्धं गाणं त्या १.० आवृत्तीवर उभं असतं. १.१ वेगळ्या फोल्डरमध्ये द्या, काय बदललं ते एका ओळीत लिहा, आणि झिप टाकण्यापूर्वी ती डेस्कटॉपवर नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडून, मूळ सॅम्पलचा फोल्डर तात्पुरता दुसऱ्या नावाने ठेवून वाजवून बघा. तरीही सगळ्या पट्ट्या बोलल्या तर झिप टाकायला हरकत नाही.