वस्तीवरचा इन्व्हर्टर: बॅटरी कोणती घ्यावी, कशी जोडावी?

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात वळवाच्या वाऱ्याने एखादी तार तुटली की वस्तीवरची लाइट कधी येईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टर घेणार असाल तर आधी बॅटरीचा हिशेब करा.

चार बल्ब, दोन पंखे आणि मोबाइल चार्जिंग धरलं तर लोड साधारण 200 वॅट. इन्व्हर्टरमधली घट धरून 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 21 अँपिअर करंट जातो, म्हणजे चार तासांत 84 एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता मोजायचं माप). बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते. त्यामुळे एवढ्या लोडला 150 एएचची ट्युब्युलर (आत नळीच्या आकाराच्या प्लेट असलेली) बॅटरी घ्यावी. 5 एचपीची मोटर यावर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही चालणार. ती थ्री फेज, शिवाय सुरू होतानाच कितीतरी पट करंट ओढते.

घेताना बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी नको.

इन्व्हर्टर 24 व्होल्टचा असेल तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या: पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, उरलेली दोन टोकं इन्व्हर्टरला. व्होल्ट दुप्पट होतात, एएच तेवढेच राहतात. 12 व्होल्टच्या इन्व्हर्टरला बॅकअप वाढवायचा तर पॅरलल: प्लसला प्लस, मायनसला मायनस. इथे इन्व्हर्टरची प्लस वायर एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे दोन्हींवर सारखा भार येतो. जुनी बॅटरी आहेच म्हणून तिच्याशी नवी जोडण्याची काटकसर महागात पडते. जुनी नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. 12 व्होल्टवर 800 वॅटला 80 अँपिअरच्या आसपास करंट जातो, तेव्हा वायर जाड आणि आखूड ठेवा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. हातातलं कडं-अंगठी काढून कामाला लागा. जोडताना मायनस शेवटी, सोडवताना मायनस आधी.

आपल्याकडे बॅटऱ्या खरं तर उन्हाने आणि पाण्याने जातात. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बॅटरीला हात लावून बघा, चटका बसेल. ॲसिडचं तापमान 25 अंशांवर दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. भिंतीच्या सावलीत, हवा खेळती राहील अशी जागा निवडा. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून कडब्याच्या गंजीजवळ, चुलीजवळ किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ बॅटरी नको. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी फ्लोट (बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी खूण) बघा. पाणी कमी असेल तर पूर्ण चार्जिंगनंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्या बोअरचं जड पाणी चालत नाही, गाळलेलं असलं तरी. वरून ॲसिडही घालू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायर सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वायर घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.