गरोदरपणातल्या गोळ्या कशा निवडाव्यात : आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी सव्वीस वर्षं गेली, सगळी खानापूर-बेळगाव पट्ट्यातच. दिवस गेलेली बाई दुकानात आली की तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि तोंडात शेजारणीनं सांगितलेल्या एखाद्या पावडरीचं नाव. चौकशी आधी पावडरीची होते. हजारभर रुपये डब्यात जातात, रक्त मात्र आहे तिथंच राहतं. हे बघून बघून मी आता थेट बोलते.

नाव नोंदवलंय, तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड) मिळालंय, रक्त-लघवी, साखर, थायरॉईड तपासून झालंय, असं धरून पुढचं लिहिलंय. थॅलेसेमिया किंवा सिकल सेल घरात कुणाला असेल, मुतखड्याचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि त्यांच्याच मापानं चाला.

पायरी १ : फॉलिक अ‍ॅसिड

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरलं की लगेच सुरू करायची, दिवस गेल्याची वाट बघायची नाही. प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना संपेपर्यंत.

दुकानात मागितल्यावर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी पुढे येते. ती साडेबारा पट आहे. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता, बाईला साखर आहे किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत, अशांना डॉक्टर ती लिहून देतात. बाकीच्यांनी काउंटरवर ‘४०० मायक्रोग्रॅमची द्या’ असं स्पष्ट सांगायचं.

पायरी २ : लोह. इथं घाई करू नका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, म्हणजे दोघींत एक. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांचा विचार सोडा आणि दवाखाना गाठा.

गोळी निवडताना बाई पाकिटावरचा मोठा आकडा बघते. मोठा आकडा मिठाचा, म्हणजे लोह ज्या संयुगात बांधलेलं असतं त्याचा असतो, नुसत्या लोहाचा नव्हे. फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष लोह साधारण १०० मिलिग्रॅमच, कारण त्या मिठात लोहाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याइतका. पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरात ‘एलिमेंटल आयर्न’ असे शब्द शोधा आणि त्यांच्यापुढचा आकडा वाचा. तोच खरा. हे शब्दच सापडले नाहीत तर ते पाकीट परत ठेवा.

आरोग्य केंद्रात किंवा आशाताईकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. हिमोग्लोबिन ७ ते ११ च्या मध्ये असेल तर डॉक्टर रोज दोन करतात. फुकट मिळते म्हणून ती हलकी, हा समज मनातून काढून टाका. चांदीच्या पाकिटातल्या काही महागड्या गोळ्यांत याहून कमी लोह असतं. या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड असतंच, म्हणून ती सुरू झाली की वेगळं फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. मी शिकलेली, औषधातली पदविका घेतलेली. गोळी एक दिवसही चुकवली नाही. दीड महिन्यानं तपासलं तर ९.१. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, ‘सगळ्या गोळ्या रात्री दुधाबरोबर घेऊन टाक, विसरायला नको.’ मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम तळहातावर घ्यायचे, वर पेलाभर दूध. कॅल्शियम लोहाला अंगात शिरू देत नाही, आणि मी रोज रात्री दोन बाजूंनी कॅल्शियम घालत होते. गोळी बदलली नाही, फक्त वेळ बदलली. पाच आठवड्यांनी १०.३ आलं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी गोळी कुठली याच्या आधी ‘कधी घेतेस?’ असं विचारते.

तर लोहाची गोळी दूध, दही, चहा, कॉफी आणि कॅल्शियम यांच्यापासून दोन तास लांब ठेवायची. आपल्याकडे सकाळी उठल्यावर चहा, न्याहारीनंतर चहा, चारला चहा, पाहुणे आले की परत चहा. त्यामुळे बऱ्याच जणींना दिवसात मोकळे दोन तास सापडतच नाहीत. मी सुचवते ती वेळ रात्रीची : साडेसातला जेवण, साडेनऊला अर्धं लिंबू पिळलेलं पाणी आणि गोळी, मग झोप. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह नीट शोषलं जातं. आवळा, पेरूही चालतो. जेवण उशिरा होत असेल तर सकाळी अकराची वेळ धरा. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिच्यापासून चार तास दूर ठेवावं.

अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं जेवण मिळतं, त्यात दूध, अंडं, शेंगदाण्याची चिक्की असते. ते जरूर घ्या, कुठल्याही डब्यापेक्षा ते सरस आहे. पण दूध आणि लाल गोळी एकाच वेळी हातात आली तर गोळी घरी नेऊन रात्री घेते असं ताईंना सांगा, आणि खरंच घ्या.

‘अक्का, ही गोळी लई उष्ण पडत्या ओ, मळमळतंय,’ हे मी रोज ऐकते. मळमळ खरी आहे, तिला नखरे म्हणणाऱ्या सासवांना मी काउंटरवरच गप्प केलंय. पण मळमळतं म्हणून गोळी बंद करणं हा उपाय नव्हे. वेळ रात्रीवर न्या. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर दोन घास खाऊन घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण पोटात टिकेल. तरीही उलटी होत असेल तर डॉक्टरांकडून मीठ बदलून घ्या, काहींना फेरस सल्फेट सोसत नाही पण फेरस अ‍ॅस्कॉर्बेट सोसतं. शौचाला काळं होणार, त्याला भिऊ नका. बद्धकोष्ठ होईल, त्यासाठी पाणी आणि पालेभाजी वाढवा. लोहानं बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन अडतं, ही दोन्ही भीती खोटी.

सिरपच्या मागे लागू नका. चमच्यात किती लोह ते बघा, बहुतेकांत थोडंच निघतं, आणि काही टॉनिकांत अल्कोहोलही असतं. त्याचे टक्के लेबलवर लिहिलेले असतात.

महिन्यानं परत हिमोग्लोबिन तपासा. नियमानं घेऊनही एक ग्रॅमसुद्धा वाढलं नसेल तर दुकान बदलू नका, गोळीही बदलू नका. डॉक्टरांकडे जा, कारण दुसरं आहे. जंताचं औषध राहिलं असेल (चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात), किंवा बी-१२ कमी असेल. पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर तेही लपवू नका. ते डोहाळे म्हणून सोडून देतात, पण बऱ्याचदा लोह कमी असल्याची ती खूण असते.

पायरी ३ : कॅल्शियम

चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला १ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या करून. एकदम दोन घेऊ नका, अंग एका वेळी तेवढं घेत नाही. इथंही तीच युक्ती : कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलेलं असेल तर आतलं कॅल्शियम ५००. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, म्हणजे न्याहारीला एक, दुपारच्या जेवणाला एक. रात्र लोहाची.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट. काही पाकिटांवर ‘ऑयस्टर शेल’ किंवा ‘ऑरगॅनिक सोर्स’ लिहिलेलं असतं. ते शिंपल्याचं कॅल्शियम आहे. लिंगायत, जैन घरातल्या बाईला हे सांगून द्यायचं असतं, आणि फार थोडे दुकानदार सांगतात. न पटणाऱ्यांनी साधं कार्बोनेट किंवा सायट्रेट मागावं.

खानापूर भागात नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. रोज आंबील किंवा भाकरी चालू ठेवा, गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे.

पायरी ४ : बी-१२, डी, आयोडीन

अंडं-मांस न खाणाऱ्या घरात बी-१२ तपासूनच घ्या. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्ताच्या तपासणीत बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. ड जीवनसत्त्व बहुतेक कॅल्शियमच्या गोळीत असतंच, वेगळं पाकीट डॉक्टरांनी सांगितलं तरच. आयोडीनसाठी साधं आयोडीनयुक्त मीठ पुरे. पण हल्ली ‘चांगलं’ म्हणून सैंधव वापरायची टूम निघाली आहे, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. घरात बाई गरोदर असताना तरी मीठ बदलू नका.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र जपा. रेटिनॉल रूपात रोज १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळाला दोष येऊ शकतो. कॉड लिव्हर ऑइल आणि जिममधली मल्टिव्हिटॅमिन नकोतच.

पायरी ५ : पावडरीचे डबे

घेऊ नका. हाडामासाची भूक पावडरीनं भागत नाही. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, परवाना अन्नाचा असतो, आणि घटकांच्या यादीत बऱ्याचदा साखर पहिल्या तीन-चार नावांत सापडते. तेवढ्या पैशात महिनाभर अंडी, शेंगदाणे-गूळ आणि डाळ येते. पोटात काहीच टिकत नसेल, वजन घटत असेल, तर डॉक्टर सांगतील तीच पावडर, तेवढेच दिवस. ‘सगळं एकात’ अशी मल्टिव्हिटॅमिनची गोळीही मला पटत नाही : लोह आणि कॅल्शियम एकाच गोळीत कोंबलेलं असतं, आणि दोन्ही अपुरं.

पायरी ६ : माहेरी जाताना

हे आपल्या सीमाभागाचं खास दुखणं. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, कधी चंदगडला, कधी गडहिंग्लजला. तायी कार्ड कन्नडमध्ये, पाकिटं इंग्रजीत, आणि नवे डॉक्टर मराठीतून विचारतात, ‘आधी काय चालू होतं?’ मुलगी म्हणते, ‘लाल गोळी आणि पांढरी गोळी.’ ते त्यांच्या पसंतीची लिहून देतात, आणि आईच्या घरी दोन पिशव्यांतल्या एकाच मिठाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या रोज पोटात जातात. अशी एक मुलगी मी बघितली, तीन पाकिटांतून फॉलिक अ‍ॅसिड आणि दोनांतून लोह घेत होती. पोट इतकं बिघडलं होतं की शेवटी तिनं सगळंच बंद केलं.

म्हणून निघण्याआधी सगळी पाकिटं जमिनीवर पसरा. प्रत्येकावर काळ्या मार्कर पेननं मराठीत घटकाचं नाव, आकडा आणि वेळ लिहा : ‘लोह ६०, रात्री साडेनऊ.’ वाचता न येणाऱ्या सासू-आईसाठी मी शेजारी चंद्र किंवा सूर्य काढून देते. कार्डाच्या शेवटच्या पानावर हीच यादी उतरवा. नव्या डॉक्टरांपुढे नाव सांगू नका, पाकिटं ठेवा. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी पिशवी बरोबर न्या.

जेनेरिक चालतं का? चालतं. जनऔषधी केंद्रातलं पाकीट उलटं करून तेच आकडे जुळवा, मुदत बघा, घ्या.

पायरी ७ : बाळंतपणानंतर

लोह आणि कॅल्शियम दोन्ही आणखी १८० दिवस. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू त्यांच्या जोडीला खा. आणि लाल गोळी गोड आवरणाची, लेमनच्या गोळीसारखी दिसते. थोरलं पोर घरात असेल तर पाकीट उशाशी, देवळीत, फ्रिजवर ठेवू नका. मोजक्या गोळ्यांनीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा आणि पोरानं गिळल्या अशी नुसती शंका आली तरी उलटीची वाट न बघता पाकिटासकट दवाखान्यात धावा.