आधी रात्रीचे ठिपके मोजा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर डिसेंबर २०२४ मध्ये ३ किलोवॉटचं सोलर बसलं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान खात्यात जमा झालं. त्यानंतर जुलैपर्यंत बिलात स्थिर आकाराखेरीज फारसं काही येईना, आणि घर सैल सुटलं. खोलीतून निघताना पंख्याच्या बटणाकडे कुणाचा हात जाईना. काही बोलले की मुलगा, सूनबाई, नातू सगळ्यांचं एकच उत्तर, "आता सोलर आहे ना!" ऑगस्टचं बिल चौदाशे रुपयांचं आलं, तेव्हा मी चष्मा लावून बसले आणि हिशेब घातला.

पहिली गोष्ट मला तेव्हा कळली. सोलर बसल्यावर बिल बघून घराचा वापर कळत नाही. नेट मीटरवर दोन आकडे फिरत असतात, महावितरणकडून आपण घेतलेली वीज म्हणजे आयात आणि आपण बाहेर दिलेली ती निर्यात. पॅनलची वीज घरातल्या घरात खपते, ती या दोन्हींत कुठेच दिसत नाही. म्हणून सोलरच्या इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची वीज घराजोगी करणाऱ्या पेटीच्या, ॲपमधली महिन्याची निर्मिती घ्यायची, तिच्यात आयात मिळवायची आणि निर्यात वजा करायची. उरतो तो घराचा खरा वापर. आमचा ऑगस्टचा असा निघाला: निर्मिती २३०, आयात २४५, निर्यात ९५, म्हणजे खरा वापर ३८० युनिट. सोलरच्या आधी आम्ही २४०-२५० मध्ये भागवत होतो.

हे वरचे १३०-१४० युनिट गेले कुठे, ते शोधायची माझी रीत सांगते. पैसा लागत नाही. अंधार पडल्यावरच करायची, कारण दिवसा पॅनलची वीज मध्ये येते आणि मीटर खरं सांगत नाही. रात्री सगळे दिवे, पंखे बंद केले. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच सुरू होतो, म्हणून पाच मिनिटांपुरता फ्रिजही बंद केला. मग नातवाला घेऊन मीटरच्या पेटीपाशी गेले. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, त्या एकेका लुकलुकीला आम्ही ठिपका म्हणतो. पाटीवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. मी घड्याळाकडे बघत होते आणि तो बोटांवर मोजत होता. मिनिट संपलं तसं म्हणाला, "आजी, आठ!"

एका मिनिटात आठ, म्हणजे तासाला ४८०. भागिले ३२००, म्हणजे ०.१५ युनिट. घरात सगळं बंद असताना १५० वॉट चालू होते! दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. एक किलोवॉटचं पॅनल नाशिकच्या उन्हात वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे गच्चीवरच्या तीन किलोवॉटमधला जवळजवळ एक किलोवॉट झोपलेल्या घरालाच पुरवत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग एकेक प्लग काढायचा आणि पुन्हा मोजायचं. सगळ्यात मोठा चोर जिन्याखाली सापडला, बॅटरीवरचा इन्व्हर्टर. लाइट गेली की साधं, बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. त्यामुळे हा जुना इन्व्हर्टर आम्ही ठेवला होता. बॅटरी सात वर्षांची, दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पिणारी, हात लावला तर कोमट. अशी थकलेली बॅटरी चार्ज होतच राहते. तिचा प्लग काढल्यावर आठाचे चार ठिपके झाले. नवी बॅटरी आणली तेव्हा पैसे जड गेले, पण तुमची बॅटरी कोमट लागत असेल तर तुम्हीही विचार करा. बाकी दोन सेट-टॉप बॉक्स, मायक्रोवेव्हचं घड्याळ, चार्जर हे सगळं एका बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं. टीव्ही रिमोटने बंद केला तरी खालचा बॉक्स चालूच असतो, हाताला गरम लागतो. कॅमेरे आणि वायफाय मात्र चालूच ठेवले, तिथे मी हट्ट केला नाही.

गीझरबद्दल थोडं सविस्तर. नाशिकची थंडी कडक, निफाडच्या बातम्या वाचूनच अंगावर काटा येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सव्वा वॉट-तासापेक्षा थोडी कमीच वीज लागते (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). जानेवारीत टाकीचं पाणी २० अंशांचं धरलं आणि अंघोळीचं ४० अंशांचं, तर १८ लिटरच्या बादलीला ०.४२ युनिट लागतं. शॉवरखाली ४० लिटर सहज जातात, म्हणजे ०.९३. चार माणसांत दिवसाला दोन युनिटचा फरक, महिन्याला साठ! मी घरात सगळ्यांना बादली-तांब्याची आठवण करून दिली. नातवाला शॉवर रविवारी. पंख्यांचं म्हणाल, तर जुना ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. सगळे एकदम बदलू नका, सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी. आमच्याकडे तो ह्यांच्या खोलीतला.

एसीबाबत एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, ती वर्षाची. महावितरणचा सोलरचा हिशेब ३१ मार्चला संपतो. तोपर्यंत शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढता येतात. मार्चअखेर उरलेल्यांचे पैसे आपण वीज घेतो त्या दरापेक्षा खूपच कमी दराने मिळतात. एप्रिलला पाटी कोरी. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी साठवायला हातात दोनच महिने, एप्रिल आणि मे. आमचं सोलर एप्रिलमध्ये दिवसाला १३ युनिट देतं, पावसाची झड लागली की ४ सुद्धा जेमतेम. उन्हाळ्यात आपण पापड, कुरडया, सांडगे घालतो ते कशासाठी? तीच ही बेगमी. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये आम्ही दहा-दहा तास एसी चालवून ती तिथेच खाऊन टाकली. आता एसी २६ वर, सोबत पंखा हळू, आणि रात्री दोनला टायमरने बंद. पॅनलच्या सावलीमुळे वरच्या खोलीचा स्लॅबही पूर्वीइतका तापत नाही, तोही फायदा घ्या.

वॉशिंग मशीन दिवसाच लावा असं सगळे सांगतात. बाहेर दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून सरळ वळतं होत असेल तर त्याने बिलात फरक पडत नाही. दिवसा धुवा की रात्री, युनिट तेवढेच. तुमचं बिल वेळेनुसार दराचं असेल तर मात्र ते नीट वाचा. आम्ही पाण्याची मोटर आणि मशीन दुपारी लावतो ते वेगळ्या कारणाने. आमच्या गल्लीत पाच घरांवर सोलर आहे. दुपारी सगळ्यांची वीज बाहेर जाते, व्होल्टेज २५० च्या वर चढतं आणि सोलरचा इन्व्हर्टर थोडा वेळ निर्मिती थांबवतो. त्या वेळी घरात काही चालू असलं की थोडा आधार होतो.

आणि वर गच्चीवर लक्ष ठेवा. गेल्या हिवाळ्यात निर्मिती अचानक कमी दिसली. वर जाऊन पाहिलं तर दोरीवर वाळत घातलेल्या सोलापुरी चादरीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडत होती. पॅनल साखळीने जोडलेले असतात, एकावरची सावली बाकीच्यांनाही मागे ओढते. दोरी दुसऱ्या कठड्याला बांधली. पॅनल सकाळी सातच्या आत, काच गार असताना, मऊ फडक्याने आणि महापालिकेच्या पाण्याने पुसा. बोअरचं किंवा आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग बसले की निघत नाहीत.

मी दर महिन्याच्या १ तारखेला दिनदर्शिकेच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांच्या वरच, तिन्ही आकडे लिहिते: निर्मिती, आयात, निर्यात. दर तीन महिन्यांनी रात्री ठिपके मोजतो. गेल्या वेळी चारच आले. नातू म्हणाला, "आजी, तीन करून दाखवू?" आणि देवघरातली दिव्यांची माळ काढून आला.