रीफ टँकचा तळ: वाळू कोणती घ्यावी, किती घ्यावी आणि कशी घालावी

गिरगाव चौपाटीवरची ओली वाळू मुठीत घेऊन पाहा. करडी, काळपट, मधूनच चमकणारी. मुंबईचा खडक बेसॉल्टचा, त्याचा चुरा तिच्यात आहे आणि सोबत शिंपल्यांचे तुकडे. लक्षद्वीपची वाळू मात्र पांढरीशुभ्र असते, कारण ती मुळात प्रवाळ, शिंपले आणि चुना साठवणाऱ्या शेवाळांचा भुगा आहे. खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकला, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) ठेवलेल्या मत्स्यटाकीला, अशी चुन्याची वाळू मानवते. पण दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुमच्या वाळूत राहणार कोण?

मी पहिल्या टाकीच्या वेळी हे ठरवलं नव्हतं. साफ करायला सोपी म्हणून शिंपल्यांची जाड खडी घातली आणि मग रात्री वाळूत पुरून झोपणारा रॅस मासा आणला. संध्याकाळ झाली की बिचारा त्या खडीत तोंड खुपसायचा आणि ओठ सोलून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी सगळी खडी उपसली. तेव्हापासून मी आधी माशांची यादी करतो आणि मग वाळू घ्यायला जातो.

पायरी १: यादीवरून दाणा निवडा

हॅलिकोइरिस जातीचे रॅस किंवा वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळणारे गोबी हवे असतील, तर बारीक दाणा लागतो, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. आपल्या खाडीतली निवटी चिखलात बीळ करते ना, ती याच गोबींच्या नात्यातली. बीळ बांधणाऱ्यांना निव्वळ बारीक वाळू पुरत नाही, भिंत ढासळते. पिस्टल श्रिंप (बीळ खणणारी कोळंबी) आणि त्याच्या दाराशी पहारा देणारा गोबी, किंवा बिळात राहणारा जॉफिश मासा आणायचा असेल, तर बारीक वाळूत थोडे शिंपल्यांचे तुकडे मिसळा.

यांपैकी कोणीच नको असेल, तर एक ते दोन मिलिमीटरचा दाणा घ्या. बहुतेक घरांसाठी मी हाच सुचवेन. वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) झोताने तो उडत नाही आणि घाण त्यात फार खोल जात नाही. साखरेसारखी बारीक वाळू मात्र जोरदार प्रवाहात उडून कोरलवर बसते. तीन-चार मिलिमीटरच्या वरची खडी टाळाच. अन्नाचे कण तिच्या फटींत पडतात, कुजतात आणि पाण्यात नायट्रेट हा टाकाऊ क्षार वाढत राहतो.

ज्यांना फक्त ॲक्रोपोरासारखे, तुफान प्रवाह मागणारे कोरल ठेवायचे आहेत, त्यांनी तळ उघडा ठेवला तरी चालतो. घाण दिसते, लगेच ओढून काढता येते. पण वाळूत राहणारे जीव त्यात ठेवता येत नाहीत.

पायरी २: जाडी आणि वजन

तीन ते पाच सेंटिमीटरचा थर पुरेसा आहे. बारीक वाळूच्या दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या थरात, खाली ऑक्सिजन पोचत नाही तिथे जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, हे खरं. पण असा जुना थर उकरला गेला, तर सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो आणि तो विषारी असतो. पहिल्या टाकीत या वाटेला जाऊ नका. जॉफिशला खोली हवी असेल, तर एका कोपऱ्यात ढीग करा.

हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, आलेल्या लिटरला दीडने गुणा. ९० बाय ४५ च्या टाकीत ४ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण १६ लिटर, म्हणजेच २४ किलो.

पायरी ३: काय घ्यावं, काय घेऊ नये

चौपाटीवरची वाळू आणू नका. तिच्यात शहराचं सांडपाणी मुरलेलं असतं. कोकणातल्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजं असतात, आणि बांधकामाच्या रेतीत माती. प्रवाळाचे तुकडे कोणी सुटे विकत असेल तर हात लावू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेलं असलं तरी. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या वसाहती काळजीपूर्वक हलवाव्या लागल्या होत्या. जे जपायला एवढा खटाटोप होतो, त्याचा चुरा आपल्या घरात नको.

मग घ्यायचं काय? पाकिटबंद ऊलिटिक अरॅगोनाइट, म्हणजे चुन्याच्या गोल दाण्यांची वाळू. याचे गोल दाणे समुद्राच्या पाण्यातला चुना थरावर थर बसून तयार होतात. बहामाची वाळू अशीच. दाणा गुळगुळीत असल्यामुळे माशाला टोचत नाही. पाकिटावर स्रोत आणि दाण्याचा आकार लिहिलेला बघून घ्या. शंका वाटली तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका, चुना असेल तर फसफसेल. चुंबकही फिरवा, काहीही चिकटलं तर ती वाळू नको.

"ही वाळू पीएच सांभाळते" असं दुकानदार सांगतील. रीफ टँकचा पीएच ८ च्या वर असतो आणि तेवढ्यात अरॅगोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता) तुम्हालाच मोजावी आणि भरावी लागेल.

पायरी ४: धुणं आणि घालणं

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. धुवण मोरीत तसंच ओतू नका. आधी गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता. नाहीतर पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. जिवाणू असलेली लाइव्ह सँड मात्र धुवायची नसते.

खडक आधी, वाळू नंतर. खडक थेट काचेवर नीट टेकलेले हवेत, कारण वाळूवर ठेवले तर बीळ करणारा मासा खालची वाळू काढतो आणि अख्खी रचना कोसळते. टाकीत पाणी असेल तर रुंद पीव्हीसी पाइप तळापर्यंत नेऊन त्यातून वाळू सोडा. पाणी एक-दोन दिवस दुधाळ राहील. लाइव्ह सँड घातली तरी नव्या टाकीत तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा आणू नका. मधल्या काळात वाळूवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येईल. घाबरून वाळू बदलू नका, तो आपोआप ओसरतो.

पुढे दर वेळी पाणी बदलताना वाळूचा चौथा भागच सायफनने साफ करा. काच चुंबकी पुसणीने पुसताना वाळूच्या रेषेपासून दोन बोटं वर थांबा. एक दाणा चुंबकात अडकला की काचेवर उमटलेली रेघ टाकी असेपर्यंत दिसत राहते.